एका कागदावरचे दोन तरोटे

१४ नोव्हेंबरला आमच्या कॉलेजातले वाळवलेल्या वनस्पतींचे कागद जुन्या कपाटातून नव्या लोखंडी कपाटात लावायचे होते. एकेक कागद उघडायचा, कीड बघायची, पुढचा घ्यायचा. दुपारी तरोट्याचा कागद हातात आला आणि काम तिथंच थांबलं.

तरोटा म्हणजे टाकळा, पावसाळ्यात कोवळा असताना भाजी करतो तोच, पिवळ्या फुलांचा. त्याचे दोन प्रकार आहेत. काही पुस्तकं त्यांना एकाच जातीच्या उपजाती म्हणतात, काही वेगळ्या जाती. खात्री होते ती शेंगेच्या देठावरून आणि बीवरच्या पट्ट्यावरून. फुलांच्या दिवसांत मात्र पानांच्या जोड्यांमधल्या दाण्यासारख्या बारीक ग्रंथी मोजाव्या लागतात. एका प्रकारात सर्वांत खालच्या जोडीतच ग्रंथी असते, दुसऱ्यात खालच्या दोन जोड्यांत.

कागदावर दोन डहाळ्या होत्या. भिंगाखाली एकीवर एक ग्रंथी दिसली, दुसरीवर दोन. खाली माझ्या अक्षरात एकच नाव आणि एकच जागा होती: कोहमारा, रस्त्याकडेला.

चूक माझी होती, आणि ती कशी झाली तेही आठवलं. बऱ्याच वर्षांपूर्वी मुलांना घेऊन आम्ही देवरीकडे गेलो होतो. सोबत लॅबच्या मावशी होत्या. एक डहाळी कोहमाऱ्याला घेतली, दुसरी मावशींच्या गावच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर. मावशी म्हणाल्या, "मॅडम, हे दोन येगळे व्हय. आमी याच्या बिया विकाले नेतो तं येगळं येगळं कापतो. एकाच्या शेंगा आधी फुटतेत." मी म्हटलं, सावलीतला आणि उन्हातला फरक असेल. त्या म्हणाल्या, "शेंगा येऊ द्या, मंग पाहाजा."

मला त्याच आठवड्यात कागद पूर्ण करायचे होते. "मावशी, आता तुम्हीच शिकवा वर्गात," असं मी मुलांसमोर म्हटलं आणि पोरं हसली. मावशीही हसल्या. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांनी मला कुठल्याच झाडाबद्दल आपणहून काही सांगितलं नाही. ते माझ्या लक्षात यायला बराच काळ गेला, आणि लक्षात आल्यावरही मी काही केलं नाही.

दोन ठिकाणची झाडं एका कागदावर चिकटवायची नाहीत, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. मी स्वतः ती चिकटवली होती, कारण दोन्ही एकच आहेत हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. आता कोणती डहाळी कुठली, ते मला सांगता येईना. मावशींनी सांगितलं होतं, पण मी ऐकलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद पुठ्ठ्यात बांधून देवरीची बस धरली. मावशी अंगणात धान वाळवत होत्या.

"मॅडम, तुमी? गाव कसा काय ध्यानात राहिला?"

मी पुठ्ठा सोडला. त्यांनी चष्मा पुसला, कागद उन्हाकडे धरला आणि फुलांच्या देठांवरून नख फिरवलं. आखूड देठांच्या डहाळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे आमच्या पाळीवरचं." त्याच डहाळीवर दोन ग्रंथी होत्या.

"पाळीवर जाऊन शेंगा बघू या का?"

"पाळ कुठं हाय आता? तलाव खोल केला, सारी गोट्यानं बांधून टाकली. तिथं तं गवतही नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तवा काऊन नाही आयकलं?"

मी म्हटलं, "घाई होती. आणि तुम्हाला काय कळतं, असं वाटलं."

"तेच मले वाटलं होतं," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

चहा पिताना मी विचारलं, कागदावर तुमचं नाव लिहू का, ओळख तुमची आहे म्हणून.

"नको. मांगं हसले, आता कायले पुन्हा?"

मी नाव लिहिलं नाही. तिथंच खाटेवर बसून दोन्ही डहाळ्यांखाली पेन्सिलीनं आपापली जागा लिहिली. पाळीच्या डहाळीखाली 'आता तिथे नाही' असंही लिहिलं. मग 'आधीची ओळख चुकीची' एवढं लिहून खाली माझी सही केली.