आधी सांगा, जाता कुठे?

गिऱ्हाईक समोर येऊन बसलं की अण्णा त्याच्या हातातलं ब्रोशर हळूच काढून घ्यायचे आणि टेबलावर पालथं ठेवायचे. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायचे आणि म्हणायचे, "ते राहू द्या. आधी सांगा, गाडी घेऊन जाता कुठे?"

गाड्यांच्या शोरूममध्ये पहिला प्रश्न काय येतो, हे तुम्हालाही माहीत आहे. बजेट किती, रंग कोणता, कर्ज काढणार की रोख. अण्णा तिथपर्यंत पोचायलाच तास लावायचे. मुलगी कुठल्या गावी दिली, मळा रस्त्यापासून किती आत आहे, आई पुढे बसते की मागे, सगळं विचारून घ्यायचे. माझं टेबल त्यांच्या शेजारी. विमा आणि आरटीओची कामं माझ्याकडे, त्यामुळे गिऱ्हाईक त्यांच्याकडे पक्कं झाल्यावर माझ्याकडे सरकायचं. तोवर माझा चहा गार झालेला असायचा आणि डोकं गरम.

आमचं शोरूम नाशिकला, द्वारका चौकाजवळ. तिथे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी पहिली हायब्रिड आली तेव्हा मालकांनी तिला मधोमध उभी करून भोवती फुलं लावली. मला वाटलं, झालं, आता साध्या पेट्रोल गाड्या कोण विचारतो? ही पेट्रोल कमी पिते. प्लगला लावायची भानगड नाही, चालता चालता स्वतःची बॅटरी स्वतःच भरून घेते. गर्दीत तर इंजिन बंद ठेवून नुसत्या बॅटरीवर सरकते. तरी लोक यायचे, तिच्याभोवती फिरायचे, फोटो काढायचे आणि साधी पेट्रोलची घेऊन जायचे. असं का, हे मला अण्णांच्या शेजारी बसूनच कळलं.

एकदा पिंपळगावकडचे एक द्राक्षबागायतदार आले. आमच्याकडे गाडी घ्यायची म्हणजे सोबत आपला मिस्त्री आणतात. तो बॉनेटवर हात ठेवतो, कान देतो आणि मान हलवतो, मगच खिशातून चेकबुक निघतं. अण्णा दोघांना हायब्रिडमधून चक्कर मारायला घेऊन निघाले. मला आरटीओत कागद द्यायचे होते, म्हणून मीही मागे बसले. द्वारकेच्या गर्दीत गाडी थांबली आणि इंजिन गप्प झालं.

"बंद पडली!" बागायतदार ओरडले. मागून हॉर्न सुरू झाले. अण्णा काही सांगणार तोच मिस्त्री दार उघडून खाली उतरला आणि मागे जाऊन धक्का मारायला लागला. नेमकी पुढची रांग हलली. गाडी बॅटरीवर पुढे सरकली, आणि आपल्या जोरावर सरकतेय असं वाटून मिस्त्रीने आणखी ताकद लावली. अण्णांना हसू आवरेना. काच खाली करून ते म्हणाले, "मिस्त्री, आत या! ती तिची तिची चालतेय."

मिस्त्री घामाघूम होऊन आत बसला. "अण्णा, याच्यात इंजिन हाय ना?"

"आहे की."

"मंग बोलत का नाय?"

शोरूमला परतल्यावर ब्रोशर पालथं झालं. बागायतदार म्हणाले, "जायाचं म्हंजे, दर आठवड्याला मुंबई. आन् मळ्यात. मागं क्रेट टाकायचे."

"मग ही नका घेऊ," अण्णा म्हणाले. "हिची खरी बचत गावातल्या गर्दीत. हायवेला एका वेगात पळालात तर फरक थोडाच, आणि जास्तीचे पैसे मात्र आजच मोजायचे. डिकीतली जागा बॅटरीने खाल्लीय. शिवाय काही झालं तर तुमच्या मिस्त्रीला हात लावता येणार नाही, इथवर यावं लागेल."

मिस्त्रीचा चेहरा खुलला. गाडी पेट्रोलचीच गेली.

हे असंच चालायचं. अंबडच्या कारखान्यात रोज जाणारा यायचा, त्याला सीएनजी परवडायची. कुणी विचारायचं, "आणि वॉरंटी संपल्यावर बॅटरी गेली तर?" इतर विक्रीवाले विषय बदलायचे. अण्णा म्हणायचे, "ते मलाही अजून नीट माहीत नाही." कुणी विचारायचं, जुनी झाल्यावर विकली जाईल का? "ते तर कुणालाच माहीत नाही." असं बोलून गाडी खपते का, तुम्हीच सांगा.

शेवटी मालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मालक वाईट नव्हते, वरून कंपनीचं टुमणं त्यांच्याही मागे होतं. काच बंद होती, तरी मला ऐकू आलं. "अण्णा, माझ्या शोरूममध्ये बसून माझीच गाडी नको म्हणता? बाकीच्यांनी एकेक तरी विकली. दसऱ्यापर्यंत तुमच्या हातून एक हायब्रिड गेली नाही, तर धुळ्याच्या शाखेत जा. तिथे जुन्या गाड्यांचं काम आहे."

अण्णा बाहेर आले आणि आपल्या खुर्चीत बसून राहिले. जेवणाची वेळ झाली तरी उठले नाहीत. तेव्हा मात्र मला भीती वाटली, कारण जेवणाच्या वेळी अण्णा कधीच शोरूममध्ये नसायचे.

दुपार झाली की ते आपली जुनाट पेट्रोल गाडी काढायचे आणि गंगापूर रोडला घरी जायचे. ती गाडी सुरू झाली की शोरूमच्या काचा थरथरायच्या. मालक कपाळाला हात लावायचे, "अहो, गिऱ्हाईक ऐकतं!" घरी त्यांची बायको, आमच्या काकू, अंथरुणावर होत्या. अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू गेली होती, बोलणंही तुटक झालं होतं. दिवसभर एक बाई असायची, पण दुपारचा घास काकू अण्णांच्याच हातून घ्यायच्या. रात्री तर अण्णांशिवाय कुणीच नव्हतं. धुळ्याला जायचं म्हणजे काकूंना कुणाच्या भरवशावर ठेवायचं? निवृत्तीला फार काळ उरला नव्हता, पण तेवढ्यासाठी नोकरी सोडावी तर औषधपाणी कशातून करायचं? मी म्हटलं, "अण्णा, एक विका हो. डोळे झाकून विका."

तशी वेळही आली. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ पत्नीला घेऊन आले. परदेशातल्या मुलाने फोनवर सांगितलं होतं, हायब्रिडच घ्या. त्यांनी चेकबुकच काढून ठेवलं. ब्रोशर समोर सरळ पडलेलं होतं. अण्णांनी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. मी मनातल्या मनात ओरडत होते, असू दे सरळ, असू दे. अण्णांनी चष्मा काढला.

"आधी सांगा, जाता कुठे?"

"कुठे जाणार? भाजीला, देवळात. कधीतरी बहिणीकडे पंचवटीत."

ब्रोशर पालथं झालं. अण्णा म्हणाले, "एवढ्याशा फिरण्यात जास्तीचे पैसे कधी वसूल होणार? छोटी पेट्रोलची घ्या. उरलेले असू द्या जवळ." मला इतका राग आला, की त्या गाडीच्या विम्याचे कागद मी त्यांच्याकडे न बघता केले.

सुटका झाली ती घरातूनच. काकूंना व्यायाम द्यायला एक फिजिओथेरपिस्ट बाई यायच्या. त्या दिवशी त्या उशिरा आल्या आणि काकूंचा हात वर-खाली करता करता करवादल्या, "सकाळी नाशिकरोड, मग द्वारका, सीबीएस, आता इथे. संध्याकाळी परत सगळं उलट. निम्मा दिवस सिग्नलला उभी असते मी, आणि ही गाडी उभ्या उभ्या पेट्रोल पिते." अण्णा वरणभात कालवत होते. त्यांच्या डोक्यात काहीच आलं नाही. काकूंनी डाव्या हाताने त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली.

"विचार... तिला."

"काय विचारू?"

"जाते... कुठे."

हे आम्हाला सांगताना अण्णा हसत होते आणि डोळे पुसत होते. "सबंध जन्म लोकांना विचारत आलो, आणि घरात रोज येणाऱ्या बाईला विचारायचं सुचलं नाही!"

तरी लगेच विकतील तर ते अण्णा कसले. आपल्या घरचं माणूस, भिडेपोटी घेईल, म्हणून त्यांनी शोरूमची गाडी बाईंना दिवसभर त्यांच्या फेऱ्यांसाठी देऊन टाकली. संध्याकाळी बाई आल्या आणि किल्ली टेबलावर ठेवून म्हणाल्या, "परत द्यावीशी वाटत नाहीये." तेव्हा कुठे अण्णांनी ब्रोशर उचललं, झटकलं आणि त्यांच्यासमोर सरळ ठेवलं. अण्णांनी स्वतःच्या हाताने हायब्रिडचं ब्रोशर असं सरळ ठेवलं ते पहिल्यांदाच.

दसऱ्याला गाडी द्यायची होती. झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ, चाकांखाली लिंबं. गुरुजींनी मंत्र म्हटले आणि सांगितलं, "हं, करा सुरू." बाईंनी बटण दाबलं. शांतता. गुरुजी थांबले. "करा की सुरू!"

"सुरू आहे, गुरुजी."

"अहो कशी सुरू?" म्हणत गुरुजी चाकाजवळ वाकले, आणि बाईंनी ब्रेकवरचा पाय उचलला. लिंबू फट्कन फुटलं. गुरुजींनी तबकासकट अशी उडी मारली, की कुंकवाने मालकांचा पांढरा सदरा लाल झाला. "सांगायचं तरी!" गुरुजी म्हणाले. मालकांसकट आम्ही सगळे पोट धरून हसलो. अण्णा तर खांबाला टेकून खाली बसले. धुळे टळलं होतं. इतकं मोकळं हसलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांच्यावरचा माझा सगळा राग त्या दिवशी गेला.

पण त्यांचा जीव भांड्यात पडला नव्हता. बाईंची गाडी सर्व्हिसिंगला आली की अण्णा खांबाआडून त्यांचा चेहरा न्याहाळायचे. एकदा त्या सरळ टेबलाशी आल्या. अण्णा उभे राहिले. "काही तक्रार?"

"आहे. पंपावरचा माणूस विचारतो, ताई, हल्ली दिसत नाही?"

"हुश्श!" अण्णा म्हणाले आणि सगळ्यांना चहा मागवला.

ते निवृत्त झाले त्या दिवशी मालकांनी शाल दिली, छान बोलले आणि शेवटी हायब्रिडचं ब्रोशर पुढे केलं. "अण्णा, तो खटारा आता पुरे. ही घ्या, तुम्हाला खास सवलत." मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अण्णा, आधी सांगा, जाता कुठे?"

सगळे हसले. अण्णांनी चष्मा काढला, शालीच्या टोकाला पुसला.

"घरी," ते म्हणाले. "गाडी कोपऱ्यावर वळली, की हिला आवाज कळतो. मी दारात पोचेपर्यंत डाव्या हाताने स्वतःच उठून बसलेली असते. बिनआवाजाची नेली तर तिला कळायचं कसं?"

अण्णांनी ब्रोशर टेबलावर पालथं ठेवलं आणि बाहेर गेले. काचा थरथरल्या. तो घरघराट द्वारकेच्या गर्दीत मिसळेपर्यंत आम्ही सगळे उभे होतो, आणि मला वाटत होतं, आता त्या कोपऱ्यापलीकडच्या घरात काकू उठून बसतील.