बार्जेची पाठवणी

आमच्या घरातून दोन पाठवण्या झाल्या. एक माझी, दुसरी बार्जेची. बाबा बार्जेच्या पाठवणीला जास्त रडले, हे मी त्यांना अजून ऐकवते.

आम्ही पेडण्याचे. बाबा मात्र जन्मभर डिचोलीकडच्या धक्क्यावर. तिथून खनिज माती भरून वास्कोच्या बंदरात नेणाऱ्या सपाट मालवाहू बोटीवर, त्या बार्जेवर, ते सारंग होते, म्हणजे तिचे कप्तान. सुट्टीवर घरी आले की त्यांच्या कानांच्या पाळ्यांतसुद्धा तांबडी माती असायची. एका मे महिन्यात त्यांनी मला बार्जेवरून नेलं. खलाशांबरोबर चहात बुडवून पाव खाल्ला, काठावरची माणसं हात करत होती आणि मी राणीसारखी हात हलवत होते. तेवढं श्रीमंत मला पुन्हा कधी वाटलं नाही.

मग खाणी बंद पडल्या आणि बार्ज धक्क्याला बांधून राहिली. मालकाने बाबांना राखणीला ठेवलं. मागच्या कप्प्यात तळाचा पत्रा कुजला होता. बाबांनी तिथे स्वतःच्या हाताने सिमेंट थापलं होतं, तरी पाणी झिरपायचंच. दर दोन दिवसांनी ते बस पकडून पाणी उपसायला जायचे. आई म्हणायची, "हंय नळाक पाणी ना तेचा काय ना, थंय सवतीचा पाणी उपसतत!"

शेवटी मालकाने तिला भंगारात काढलं. टग बोट तिला दोरखंडाने ओढत समुद्रातून गुजरातेत नेणार होती. बार्जेवर माणूस एकही नाही, म्हणजे पाणी उपसायलाही कुणी नाही.

खरेदीदाराचा माणूस कोल्हापूरकडचा. त्याने विचारलं, "काका, कुठं गळती-बिळती हाय काय?"

"छे रे! खंय काय ना," बाबा म्हणाले.

सिमेंटवर त्यांनी आदल्या दिवशीच रंग फिरवला होता. डबा मीच धरला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर ते पुटपुटले, "सासरी धाडताना चेडवाची खोड सांगतत काय?"

मला असा राग आला! कारण माझ्या वेळी हेच बाबा येईल त्या पाहुण्याला, चहाचा कप हातात पडायच्या आधी, "हिका दमो आसा" म्हणून सांगत सुटले होते. दोन स्थळं त्यावरून फिरली. पण राग गिळून मी गप्प बसले. आईने खण-नारळाने बार्जेची ओटी भरली, आणि आधीचं सवतपण विसरून डोळे पुसले.

ती उत्तरेकडे जाताना आम्ही मोरजीच्या किनाऱ्यावर उभे होतो. पुढे एक ठिपका, मागे एक लांबट ठिपका. बाबा पाण्यात गुडघाभर गेले आणि ठिपका दिसेनासा झाला तरी परतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बातमी आली, बार्ज मागून बसत गेली आणि बुडाली. टगवाल्यांनी वेळेत दोर तोडला म्हणून टगवरची माणसं वाचली. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी माहेरी धावले, तर मला म्हणाले, "तेका फोन लाव."

मी लावला. बाबा कोल्हापूरच्या माणसाला म्हणाले, "गळती होती. माका ठावक होती. मी सांगूक ना." मग तो म्हणाला, "आमची माणसं गेली असती की वो काका." बाबांनी "होय" म्हटलं.

रंगाचा डबा माझ्याही हातात होता, हे मला तेव्हा सांगता आलं नाही. त्याची लाज आजही वाटते.

फोन ठेवून बाबा माझ्याकडे पाहत म्हणाले, "तुझो दमो मी सांगलंय, म्हणान सासरच्यांनी तुका सांभाळल्यानी. बार्जेचा लपयलंय."

मला रडू आलं आणि रडण्याने धाप लागली. मी पर्स उघडली. दम्याचं औषध वरच होतं. घाईत मी ते विसरले होते. सासूबाईंनी आठवणीने टाकलं होतं.