चिठ्ठीकाका आणि चोवीस पोर्ट

रुग्णालयात दोनच प्रकारची माणसं प्रसिद्ध होतात: लोकांना बरं करणारी आणि काहीतरी बंद पाडणारी. चिठ्ठीकाका सव्वीस वर्षं दोन्हींत नव्हते. त्यामुळे त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं, आणि हजेरीपुस्तक कोण वाचतं?

ते लागले टेलिफोन ऑपरेटर म्हणून. पुढे टेलिफोनचा बोर्ड गेला, कॉम्प्युटर आले. तेव्हाच्या साहेबांनी ‘वायरी काय, सगळ्या सारख्याच’ असा थोर तांत्रिक विचार केला आणि काकांना नेटवर्कवर बसवलं. शिकवलं कुणी नाही. काका पुस्तकं वाचून, चुका करून आणि बोलणी खाऊन शिकले. तिसऱ्या मार्गाने शिकलेलं सगळ्यात जास्त लक्षात राहतं, असं ते म्हणत.

त्यांचं ऑफिस जिन्याखालच्या कपाटात. कपाटाची एक बाजू नेटवर्कची, दुसरी फरशी पुसायच्या बादल्यांची. बादल्यांची बाजू मोठी होती, कारण बादल्या सगळ्यांना समजत. काका प्रत्येक वायरीच्या टोकाला चिठ्ठी बांधत, त्यावरून त्यांचं नाव पडलेलं. मात्र चिठ्ठीवर खोलीचा क्रमांक नसे. खोल्यांचे क्रमांक दर दोन वर्षांनी भिंतीच्या रंगाबरोबर बदलत. माणूस मात्र बदलत नाही, चिडका तो चिडकाच राहतो आणि कॉम्प्युटर घेऊन खोली बदलली तरी राग सोबत नेतो. म्हणून काका चिठ्ठीवर माणूस लिहीत, आणि त्या माणसाच्या वायरीला काय काय झालं तेही लिहीत. लिहीत म्हणजे फक्त लिहीत. बोलत कुणाजवळच नसत.

सगळ्या वायरी ज्या पेटीत येऊन मिळतात तो जुना स्विच अगदीच साधा होता. वायरी खुपसा आणि देवावर हवाला ठेवा. मग गेल्या वर्षी प्रतीक्षागृहातल्या एका टापटिपीच्या गृहस्थांना वायरीचं एक टोक लोंबताना दिसलं. त्यांना ते पाहवलं नाही. त्यांनी ते शेजारच्या भिंतीतल्या रिकाम्या भोकात नीट खोचलं. वायरीची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये गेली, आतला संदेश गोल गोल फिरत वाढत सुटला आणि अख्खं रुग्णालय दोन तास आडवं झालं. गृहस्थ तोवर तपासून घेऊन घरी गेले होते. दोष कुणाचा? जिन्याखालच्या माणसाचा.

त्यानंतर काकांनी आठ अर्ज केले आणि आठव्याला नवा स्विच आला. मॅनेज्ड, चोवीस पोर्टचा, वायरी खोचायला चोवीस भोकं असलेला. मॅनेज्ड म्हणजे ज्याला सांगावं लागतं, पण सांगितलं की ऐकतो. रुग्णालयात असं दुसरं कुणीच नव्हतं, त्यामुळे काकांचा त्याच्यावर पहिल्या दिवसापासून जीव जडला.

त्यांनी तो चार स्क्रूंनी रॅकमध्ये बसवला, अर्थिंगची तार लावली, बादल्या दोन फूट मागे सरकवल्या. निळी चपटी वायर लॅपटॉपला जोडून समोर बसले. कारखान्यातून आलेला पासवर्ड आधी बदलला, कारण तो जगातल्या प्रत्येक चोराला पाठ असतो. मग चुली वेगळ्या केल्या. घर एकच, पण प्रयोगशाळेची चूल वेगळी, वॉर्डांची वेगळी, नोंदणीची वेगळी. एकीकडे काही करपलं तर धूर दुसरीकडे जायला नको. चोविसावा पोर्ट वरच्या मजल्यावर सर्व्हरकडे जाणारा. सगळ्या चुलींचा माल त्या एकाच वाटेने वर जायचा, आणि कोणकोणत्या चुलींना तिथून सोडायचं त्याची यादी त्या पोर्टवर लिहून द्यावी लागे.

शेवटी प्रत्येक पोर्टला वर्णन. स्विचला देवनागरी येत नव्हती, म्हणून काकांनी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं. चिठ्ठ्यांवरचं सगळं, शब्दाला शब्द. मग सेव्ह केलं. सेव्ह केलं नाही तर वीज जाताच हा सगळं विसरतो. एवढ्या एका बाबतीत तो रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांवर गेला होता.

चार महिने काही बंद पडलं नाही. साहजिकच साहेबांना प्रश्न पडला की मग हा माणूस दिवसभर करतो काय?

या प्रश्नाचं उत्तर द्यायला बाहेरच्या कंपनीचे एक तज्ज्ञ आले. नेटवर्कचं सगळं काम कंपनीकडे द्यायचं आणि काकांना जुन्या फायलींच्या खोलीत बसवायचं, असा बेत होता. निवृत्तीला दोन वर्षं. त्या खोलीत खिडकी नव्हती, वायर नव्हती, आणि काकांच्या आधी तिथे बसवलेला कारकून फायलींशी बोलायला लागला होता. काकांना त्या खोलीची खरोखर भीती वाटत होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नाही, पण जिन्याखाली शिरताना हल्ली ते कपाटाच्या दाराला हात लावून पाहत.

तज्ज्ञ जिन्याखाली आले नाहीत. बादल्यांचा वास येतो म्हणाले. ते वर, साहेबांच्या पाहुण्यांच्या खोलीत गार हवेत बसले. काकांनी हुकमाप्रमाणे पासवर्ड दिला. तज्ज्ञांनी ठरवलं, पाहुण्यांसाठी एक नवी चूल मांडू, म्हणजे साहेब खूश. चोविसाव्या पोर्टच्या यादीत तिचा आकडा घालायचा होता. आता या यादीचा एक खोडसाळपणा आहे. नवा आकडा द्यायच्या आधी ‘भर घाल’ असा शब्द लिहावा लागतो. तो राहिला तर स्विच निमूटपणे जुनी यादी पुसतो आणि नवा आकडा एकटाच ठेवतो. या धंद्यातल्या प्रत्येकाच्या हातून हा शब्द आयुष्यात एकदा राहतो. काकांचाही नवा स्विच मांडताना राहिला होता. तज्ज्ञांचा त्या दिवशी राहिला.

प्रयोगशाळा, वॉर्ड, नोंदणी, सगळ्यांची वाट एका क्षणात बंद. तज्ज्ञ स्वतःही त्याच वाटेने वरून खाली शिरले होते. त्यामुळे ज्या फांदीवर बसले तीच तोडून ते गार हवेत अधांतरी राहिले. तिकडे शस्त्रक्रियेच्या टेबलावर एक बाई, आणि तिच्या रक्ताचा अहवाल प्रयोगशाळेत अडकलेला. परिचारिकांच्या प्रमुख मेट्रनबाई स्वतः जिने उतरून गेल्या, अहवाल हाताने लिहून घेतला आणि परत जिने चढल्या. त्यांचे गुडघे त्या दिवसापासून अजून बोलतात. बाई वाचली.

काका निळी वायर घेऊन कपाटात शिरले. वाट कशी तुटली ते त्यांना पहिल्याच ओळीत कळलं. यादी पुन्हा लिहिली, सेव्ह केलं, एकेका विभागाला विचारून खात्री केली. वीस मिनिटं लागली. बाहेर आले तर तज्ज्ञ दारात उभे. आता त्यांना बादल्यांचा वास येत नव्हता.

“काका, हे आपल्यातच राहू द्या,” ते म्हणाले. “माझी नोकरी जाईल हो.”

“राहू द्या,” काका म्हणाले आणि नेहमीची नोंद करायला परत कपाटात शिरले.

आठ दिवसांनी तज्ज्ञांचा अहवाल आला. त्यात लिहिलं होतं: जुन्या, सदोष मांडणीमुळे जाळे वीस मिनिटे बंद, जबाबदार स्थानिक कर्मचारी.

“आणि तुम्ही मूग गिळून बसलात?” बायकोने ताट वाढता वाढता विचारलं.

“शब्द दिला होता.”

“त्यानेही दिला असेल, त्याच्या साहेबांना! अहो, चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय आणि संन्यासी जेवतोय!”

काका जेवले. पण भूक नव्हती, हे तिला दिसलं आणि तिने ताकाची वाटी पुढे सरकवली.

बैठक साहेबांच्या खोलीत झाली. साहेब, मेट्रनबाई, हाडांचे डॉक्टर, आणखी चार-पाच जण, आणि दाराजवळच्या खुर्चीत काका. साहेबांसमोर बदलीचा कागद तयार होता, सही तेवढी राहिली होती. निर्णय आधी आणि चर्चा मागून, अशी तिथली शिस्त होती.

तज्ज्ञांनी प्रोजेक्टरने भिंतीवर स्विचमधल्या वर्णनांची यादी लावली. आदल्या दिवशी त्यांनी तिच्या पहिल्या दहाबारा ओळी वाचल्या होत्या, आणि त्यांना इतका आनंद झाला की पुढचं वाचायची गरजच वाटली नव्हती.

“बघा हा कारभार,” ते म्हणाले आणि वाचू लागले. “पोर्ट दोन. एक्स-रे. घाबरतात, हळू बोलावे. पोर्ट पाच. हाडांचे डॉक्टर. वायर पायाने उपटतात, चार वेळा.”

हाडांच्या डॉक्टरांनी पाय खुर्चीखाली घेतले.

“पोर्ट सात. मेट्रनबाई. आधी ओरडणे ऐकून घ्यावे, मग काय बिघडले ते सांगतात.” तज्ज्ञांनी दयाळू नजरेने बाईंकडे पाहिलं. “पोर्ट अकरा. मोठे साहेब.” इथे ते जरा थांबले, जेवणात आवडीचा घास शेवटी ठेवतात तसे. “नेट नाही म्हणाले की आधी मॉनिटर चालू आहे का पाहावे.”

कुणीतरी खोकलं. साहेबांचे कान लाल झाले. काकांना वाटलं, आता फायलींची खोलीसुद्धा मिळत नाही.

“बस, एवढं पुरे,” साहेबांनी पेन उचललं.

“पुरे कसं?” मेट्रनबाई म्हणाल्या. “चोवीस आहेत ना? माझं चारचौघांत वाचलंत, आता सगळ्यांचं वाचा. आणि माझं लिहिलंय त्यात खोटं काय आहे?”

मेट्रनबाईंना नाही म्हणायची प्रथा त्या इमारतीत नव्हती. तज्ज्ञ वाचत गेले. औषधभांडार, झोप लागते, दुपारी जाऊ नये. स्त्रियांचा वॉर्ड, नवी परिचारिका रडत होती, वायर ठीक होती, थोडा वेळ बसलो. अठरा, एकोणीस, वीस. खोलीतलं हसू कमी होत गेलं, कारण प्रत्येकाला आपापला दिवस आठवू लागला होता.

“पोर्ट चोवीस,” तज्ज्ञ वाचत्या वेगात म्हणाले. “वरची वाट. तज्ज्ञ साहेबांनी...”

ते थांबले. पण भिंत थांबली नाही. तिच्यावर पूर्ण ओळ होती आणि वाचता सगळ्यांना येत होतं. वरची वाट. तज्ज्ञ साहेबांनी तोडली, शब्द राहिला. जोडली. वीस मिनिटे. घाबरले आहेत, कुणाला सांगू नये.

तज्ज्ञांनी लॅपटॉप मिटला, पण घाईत प्रोजेक्टरकडे जाणारी वायर तशीच राहिली आणि ती ओळही आणखी दोन-तीन सेकंद तशीच राहिली. काकांना स्वतःचीच लाज वाटली. शब्द पाळला होता, आणि तरी मोडला गेला. ते उठून उभे राहिले.

“माझी चूक झाली,” ते तज्ज्ञांना म्हणाले. “मला ते पुसून टाकायला हवं होतं.”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं, बदलीचा कागद मधोमध फाडला आणि तुकडे टोपलीत टाकले. माफी मागायची सवय नसल्यामुळे त्यांनी टोपली पायाने टेबलाखाली सरकवली. मग काकांना म्हणाले, “बसा. कसं जोडलंत ते?”

सव्वीस वर्षांत हा प्रश्न काकांना कुणी विचारला नव्हता. का बंद पडलं, हे रोज विचारत. केव्हा चालू होईल, हे ओरडून विचारत. चालू झालं की फोन ठेवून देत. काकांना दोनदा सुरुवात करावी लागली.

“त्याचं असं आहे साहेब, वाट एकच असते. पण तिच्यावर एक यादी असते...”

ते सांगत राहिले. पाच मिनिटांनी साहेबांची नजर मनगटावरच्या घड्याळाकडे गेली.

“साहेब,” मेट्रनबाई म्हणाल्या, “ऐका.”

साहेब ऐकू लागले.