बेडोकच्या आजींची भिंत

किस्से घरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे असतात. साठतात खूप, टाकवत एकही नाही. आमची कंपनी सिंगापुरात बस चालवते. मी अकाउंट्समध्ये, बापट आयटीत. २०१४च्या आसपास कंपनीला सीएसआरचा, म्हणजे समाजसेवेचा, जोर चढला. अधूनमधून शनिवारी शहराच्या पूर्वेकडच्या बेडोक भागात जायचं आणि एकट्या म्हाताऱ्या माणसांची घरं रंगवायची. म्होरक्या आमच्या एचआरच्या मिसेस लिम.

*

बापट पक्का सदाशिवपेठी. "शनिवारी फुकट हमाली? पुण्यात स्वतःच्या घराला कधी ब्रश लावला नाही मी." तरी आला, कारण जेवण कंपनीचं होतं. डबा उघडला तर चिकन राइस! बापट शुद्ध शाकाहारी. बिचाऱ्याने केळी खाऊन अख्खी खोली रंगवली.

*

आमच्या वाट्याला एक चिनी आजी आल्या. एका खोलीचा फ्लॅट, सोबतीला कुणी नाही. बापट त्यांच्याशी मराठीत बोलायचा, त्या होक्कियन या चिनी बोलीत. गुडघेदुखीवर दोघांचं तासभर चाललं. मध्ये एकदा भांडणही झालं, आणि मिटलं.

*

रंग झाला की फोटो. बॅनर एवढा लांबलचक की माणसं मावेनात. मिसेस लिम म्हणत होत्या, "मागे सरका, अजून मागे." शेवटी आजीच उठून कॉरिडॉरमध्ये गेल्या. कंपनीच्या रिपोर्टमध्ये आम्ही सगळे हसतोय, आजी नाहीत.

*

पुढच्या खेपेला गेलो तर आम्ही पांढऱ्या केलेल्या भिंती फिरोजी. मधल्या काळात वीज कंपनीवाले त्यांच्या समाजसेवेत रंगवून गेले होते. त्यांच्याआधी टेलिफोनवाले. घर तळमजल्यावर, सामान वर न्यायची कटकट नाही, म्हणून सगळ्यांची समाजसेवा तिथेच.

मी विचारलं, "आंटी, तुम्ही नको का म्हणत नाही?"

"वॉल ओके लाह," आजी मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. "बट यू ऑल कम, आय कुक."

स्टोव्हवर भलंमोठं पातेलं होतं. शेजारी बापटसाठी हिरव्या मुगाचं गोड सूप, वेगळ्या भांड्यात. माझे डोळे भरून आले हो.

*

त्याच दिवशी मिसेस लिमनी सांगितलं, की आज चारही भिंती पांढऱ्या झाल्या की या घराचं काम संपलं. पुढच्या वेळेपासून यिशुन भागातली घरं. वीजवाले आणि टेलिफोनवाले तर आधीच दुसरीकडे गेले होते. म्हणजे आता आजींकडे कुणीच येणार नव्हतं. मिसेस लिमनी त्यांना ते होक्कियनमध्ये सांगितल्यावर त्या नुसतं पातेलं ढवळत राहिल्या.

संध्याकाळी मिसेस लिम काम बघायला आल्या. तीन भिंती पांढऱ्याशुभ्र, खिडकीकडची फिरोजीच.

"ही का राहिली?"

बापट हात पुसत म्हणाला, "पेंट फिनिश्ड."

मिसेस लिमनी त्याच्याकडे पाहिलं. मग दाराजवळच्या, झाकणही न उघडलेल्या रंगाच्या डब्याकडे पाहिलं. मग आजींकडे.

"ओके. देन वी मस्ट कम बॅक," त्या म्हणाल्या, आणि तो डबा स्वतः उचलून गाडीत ठेवून आल्या.