पास केलेलं कापड

तुमसरजवळच्या आमच्या भट्टीच्या कारखान्यात धूर गाळणाऱ्या कापडी पिशव्या बदलणारा एक फिटर होता. नवं कापड आलं की तो कागदाचे कपटे त्याच्याजवळ धरायचा. कापडात बारीक धूळ ओढून धरणारी वीज भरलेली असल्यामुळे ते पटकन चिकटायचे. मग तेच कापड गरम पाइपावर ठेवून, तो पुन्हा कपटे धरायचा.

यंदा गरम केल्यावर एकही कपटा चिकटला नाही.

"साहेब, हे आपल्या भट्टीच्या गरमीले टिकत नाही. बारीक धूळ आरपार जाईल."

मी कागदपत्रं पाहूनच माल पास केला होता. "कापडाच्या कंपनीनं लिहून दिलंय ना," म्हटलं आणि विषय संपवला.

त्या पिशव्या बसवल्यावर आठवड्यानं तो माझ्या टेबलाशी आला. तोंडावर बांधलेला पांढरा रुमाल त्यानं सोडला. रुमाल काळा झाला होता, ओठांवरही काळा थर होता. गाळलेली हवा सुटते तिथं तो अख्खी पाळी उभा राहिला होता.

मी हादरलो. "असं काहून केलं तुम्ही?"

"तिथं आठ बाया रोज झाडून राहिल्या साहेब. मी तर एकच दिवस होतो."

मी माल पास केल्याच्या कागदावरच्या माझ्या सहीवर काट मारली आणि भट्टी थांबवायला सांगायला धावलो.