रेडिओचे मासे

प्रयोगशाळेत सगळे त्यांना रेडिओ म्हणत, कारण तोंडाला खंड नव्हता. निरनिराळ्या नद्यांतल्या माशांच्या पराची जराशी कातरण घेऊन जनुक-तपासणीसाठी नळीत टाकायची, एवढंच त्यांचं काम. पण हातातल्या माशाशी दोन शब्द बोलल्याशिवाय त्यांची कात्री चालायचीच नाही. "घाबरू नकोस रे राजा, नखं कापतात ना, तसंच हे!"

एक दिवस प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम निकालाचा कागद फडकवत तरातरा आल्या.

"सगळ्या नद्यांतले मासे एकाच कुळातले निघालेत. आणि कूळ कोणतं, तर माकडांच्या शेजारचं!"

रेडिओ हरखले. "म्हणजे मोठाच शोध लागला की!"

"शोध कसला डोंबलाचा! मास्क गळ्यात लटकवून बडबडता, थुंकी उडते नळीत. मशीनने माशांऐवजी तुमचीच जनुकं वाचलीत. 'माणूस' म्हणून आलंय सगळीकडे!"

संध्याकाळी एवढंसं तोंड करून त्यांनी ही हकिगत बायकोला सांगितली. भाजी चिरता चिरता तिचा हात थांबला.

"माणूस? असं मशीन म्हणालं?"

"हो ना."

"मग पुन्हा एकदा तपासायला सांगा."