वेचून काढलेले काजू

त्या वर्षी सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत एकही शनिवार-रविवार आमच्या वाट्याला आला नाही. सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, आणि आई आल्यात म्हटल्यावर इथे कॅनडात, मिसिसागातल्या आमच्या ओळखीच्या प्रत्येकाला आम्हाला जेवायला बोलवायचंच होतं. गणपतीत तीन घरं झाली, मग मंडळाचा हॉल, मग कोणाच्या तरी मुलीचा वाढदिवस, मग पानांचे रंग बघायला उत्तरेला जायचं म्हणून दोन गाड्या, पाच मुलं आणि पुलावाचा भलामोठा डबा. आमची सहा वर्षांची मुलगी गाडीत बसली की दहाव्या मिनिटाला "आय नीड टु गो" म्हणायची, आणि तीन वर्षांचा मुलगा बूट काढून पुढच्या सीटवर फेकायचा. रंगीत पानं मी बहुतेक वॉशरूमच्या रांगेत उभी राहून पाहिली.

एवढंच असतं तर हसण्यावारी नेता आलं असतं. पण मुलाला काजू आणि पिस्ते चालत नाहीत हे आम्हाला त्याच मे महिन्यात कळलं होतं. बर्फीचा एक तुकडा तोंडात गेला आणि त्याचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, उलटी झाली. डॉक्टरांनी सांगितलं की पुढच्या वेळी श्वासही कोंडू शकतो. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये दोन इंजेक्शनं असायची, पेनासारखी, मांडीत दाबून टोचायची. ती पर्स मी देवघरात जातानाही खांद्यावरून काढत नसे.

कुठल्याही घरी गेलं की मी आधी स्वयंपाकघरात शिरायचे आणि कशात काय घातलंय ते विचारायचे. आपल्या लोकांत काजू म्हणजे पाहुण्याचा मान. भाजीच्या रश्शात काजूचं वाटण, पुलावावर तळलेले काजू, खिरीत काजू, आणि पान पुढे येतं तेव्हा तुमच्यासाठी मुद्दाम दोन जास्त. असा मान नको म्हणणारी बाई कोणाला आवडणार? "थोडंसं दे गं, काही होत नाही," एक काकू म्हणाल्या. दुसऱ्या म्हणाल्या, "तुम्ही आजकालच्या मुली फार घाबरता." मी हसून घ्यायचे. सगळा राग परतीच्या वाटेवर गाडीत नवऱ्यावर निघायचा, आणि तो स्टिअरिंगवरची नजर न काढता म्हणायचा, "मी आईला नीट सांगितलंय." नीट म्हणजे काय सांगितलं होतं ते देव जाणे.

सासूबाई खाष्ट असत्या तर बरं झालं असतं, चार भांडणं करून मोकळी झाले असते. पण त्या तशा नव्हत्या. त्या आल्या म्हणून आम्ही मुलाचं डेकेअर बंद केलं होतं, आणि मी ऑफिसला गेले की तो दिवसभर त्यांच्याजवळ. आमच्या घरातले काजू त्यांनी स्वतः शेजारच्या गुजराती बाईंना देऊन टाकले होते. माझ्या हातून अर्धं ताट टाकणारा मुलगा त्यांच्या हातून ताट चाटूनपुसून खायचा. खिडकीशी बसून काऊचा घास, चिऊचा घास, आणि काऊ-चिऊ नसतील तर स्कूल बसचा घास, टो ट्रकचा घास. त्यांचा हात नुसता वर आला तरी त्याचं तोंड उघडायचं. मला त्याचा थोडा हेवा वाटायचा, खोटं कशाला सांगू.

त्यांना ॲलर्जी खोटी वाटत नव्हती. त्यांच्या मते ती एक इडापिडा होती, आली तशी जाईल. रोज देवापुढे दिवा लावताना त्या काहीतरी पुटपुटायच्या आणि अंगारा त्याच्या कपाळाला लावायच्या. अंगाऱ्यात काजू नसतो, म्हणून मी गप्प राहायचे.

ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला आम्ही विंडसरला गेलो. तिथे माझी नणंद राहते. तिचा नवरा गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर, आणि त्यांनी नवं घर घेतलं होतं म्हणून सत्यनारायण घातला होता. चार तासांचा रस्ता आम्ही सहा तासांत उरकला. आठवडाभर आधीपासून मी ताईंना तीन वेळा फोन केला होता. ताई समजूतदार. म्हणाल्या, "काळजी करू नकोस. मी त्याचा शिरा आधी, वेगळ्या कढईत करते, काजू न घालता. निळ्या झाकणाच्या डब्यात बाजूला ठेवते." त्यांनी तसंच केलं. डबा ओट्यावर होता, मी झाकण उघडून बघितला, वास घेतला, आणि कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा माझे खांदे जरा सैल झाले.

गुरुजी पुण्याहून लॅपटॉपच्या पडद्यावर होते आणि मधूनमधून अडकत होते. तीस-पस्तीस माणसं, त्यांचे कोट आणि पर्सा वरच्या बेडरूममध्ये पलंगावर. ताई म्हणाल्या, "अगं, आता तरी ती पर्स ठेव." मी ठेवली. पूजा झाली, आरती झाली. प्रसाद वाटायला सुरुवात झाली आणि मुलीने पंचामृताची वाटी परकरावर सांडून घेतली. "मॉम, इट्स स्टिकी," म्हणत ती रडायला लागली. मी नवऱ्याला म्हटलं, "याच्याकडे बघ," आणि तिला घेऊन वर गेले. परकर बदलायला पाच मिनिटं लागली असतील.

खाली आले तेव्हा नवरा खुर्च्या लावत होता आणि मुलगा सासूबाईंच्या मांडीवर होता. त्या पदराने त्याचं तोंड पुसत होत्या. त्यांच्यापुढच्या कागदी प्लेटच्या कडेला काजूचे तुकडे ओळीने ठेवले होते, सगळे तुपाने चकचकीत. लहान मुलासाठी पोह्यांतल्या मिरच्या बाजूला काढाव्यात तसे.

"आई, काय दिलंत त्याला?"

"प्रसाद," त्या म्हणाल्या. "काजू सगळे वेचून काढलेत गं मी. बघ ना, बारीक कणही ठेवला नाही. चष्मा लावून काढलेत."

"त्याचा वेगळा होता ना? तो निळा डबा?"

"तो देवापुढे कुठे ठेवला होता? तो नुसता शिरा झाला. प्रसाद हा." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आज त्याच्यासाठीच मागितलं मी. आणि त्यालाच प्रसाद नाही?"

तेवढ्यात तो खोकला. नंतरचं मला तुटक आठवतं. त्याचा खालचा ओठ फुगत होता. मी जिना चढून तीस कोटांच्या ढिगात हात घालत होते आणि प्रत्येक पर्स काळीच होती. कोणीतरी लिंबूपाणी द्या म्हणत होतं. मी पँटवरूनच त्याच्या मांडीत इंजेक्शन दाबलं आणि त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला मारलंच. ताईंच्या नवऱ्याने ॲम्ब्युलन्स बोलावली. लॅपटॉपवर गुरुजी अजून "झालं का?" म्हणून विचारत होते.

वेळेत झालं सगळं. हॉस्पिटलमध्ये दोन तासांत सूज उतरली, संध्याकाळी तो ॲपल ज्यूस पीत होता. काय खाल्लं म्हणून डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तोंड उघडण्याआधी सासूबाईच पुढे झाल्या. "ओन्ली प्रसाद, डॉक्टर. काजू आय रिमूव्ह. वन बाय वन. ऑल." आणि बोटांनी हवेत वेचून दाखवलं. डॉक्टरांना काही कळलं नसावं, पण त्यांनी मान हलवली. मी समजावून सांगितलं. आजींना सांगा, ते इंग्रजीत शांतपणे म्हणाले, तूप-साखरेत उतरलेला अंश वेचता येत नाही. मी ते वाक्य मराठीत सासूबाईंना सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं, कमी-जास्त काही केलं नाही, आणि सांगताना मला बरं वाटलं. ती गोष्ट मी अजून कोणाला बोलले नाहीये.

त्या दिवसापासून त्यांनी मुलाला भरवणं सोडलं.

कोणी सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर सोमवारी मी ताट वाढलं, तो सवयीने त्यांच्याजवळ जाऊन तोंड उघडून उभा राहिला, आणि त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "आईकडून घे, राजा." तो थांबला, पुन्हा तोंड उघडलं. मग जमिनीवर लोळण घेतली. पुढे रोज हेच. मी ऑफिसला जाण्याआधी त्याचे डबे भरून ठेवायचे आणि त्या फक्त समोर ठेवायच्या. केळं सोलण्याआधीसुद्धा मला फोन यायचा, "हात लावू का?" बिस्किटाच्या पुड्याचे, ब्रेडचे, दह्याच्या डब्याचे फोटो यायचे, मागची बारीक अक्षरं दिसतील असे, आणि खाली एकच शब्द, "चालेल?" एकदा मीटिंगमध्ये असताना अकरा फोटो आले. एक मिठाच्या पिशवीचा होता.

हॅलोवीनला मुलांनी आणलेली चॉकलेटं मी टेबलावर ओतून निवडत बसले, चालणारी इकडे, न चालणारी तिकडे. सासूबाई लांब सोफ्यावर बसून बघत होत्या. मुलीने विचारलं, "आजी, यू वाँट टु हेल्प?" त्या नुसतं नको नको करत उठल्या आणि आत गेल्या.

नवरा म्हणायचा, "झालं ते झालं, तू एकदा बोल ना तिच्याशी." जणू हे काम माझ्याच नावावर लिहिलेलं. बरं, बोलू काय? "तुमची चूक नव्हती" म्हणावं तर चूक त्यांचीच होती. "तुमची चूक होती" म्हणावं तर जीभ रेटत नव्हती, आणि ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळलेलं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये गाडी लावून मी वाक्यं जुळवायचे: आई, तुम्ही भरवा, माझी काही हरकत नाही. इतकं साधं वाक्य. मला खरंच हरकत नव्हती का? डोळे मिटले की मला ती प्लेट दिसायची. घरी येईपर्यंत वाक्य विरून जायचं आणि मी विचारायचे, "जेवलात का?"

दिवाळी तशीच गेली. दोन घरची आमंत्रणं आम्ही मुलांना ताप आहे म्हणून टाळली, जो नव्हता. फराळाचं सगळं सासूबाईंनी मला समोर उभं करून केलं, प्रत्येक जिन्नस मला दाखवून. मुलासमोर चकली त्यांनी चिमट्याने ठेवली.

नोव्हेंबरच्या मध्यावर त्या निघाल्या. विमान संध्याकाळचं, विमानतळ घरापासून जवळच. दुपारी बॅगा दाराशी लागल्या होत्या, नवरा वजन करत होता. मी मुलाचा वरणभात कालवला, तूप घातलं आणि ताटली टेबलावर ठेवली. त्याने ती उचलली, दोन्ही हातांनी सांभाळत आजीकडे नेली, त्यांच्या मांडीवर ठेवली आणि तोंड उघडलं. महिना उलटून गेला होता, तरी तो विसरला नव्हता.

त्या ताटली शेजारी ठेवून उठल्या. किचनच्या नळाखाली साबणाने हात धुतले, मनगटापर्यंत, पुन्हा एकदा धुतले. परत येऊन बसल्या आणि ओले हात तसेच वर धरून माझ्याकडे बघितलं.

"देऊ का गं?"

वाक्य माझ्याजवळ तयार होतं. इतके दिवस घोकलेलं. माझं तोंड उघडण्याआधी माझा हात पुढे गेला आणि मी त्यांच्या शेजारची ताटली उचलली.

"मी देते," मी म्हटलं. "तुमची निघायची गडबड आहे."

"हो, दे बाई," त्या म्हणाल्या. "तेच बरं." आणि पदराला हात पुसले.

त्याने त्यांच्याकडे बघत माझ्या हातून तीन घास खाल्ले आणि मग तोंड घट्ट मिटून घेतलं. मी उरलेलं सिंकमध्ये टाकलं. तो वरणभात मीच केला होता.